दहाच्या रेषेपर्यंत

ओळखलंत का मला? औषधाच्या बाटलीच्या डोक्यावर टोपीसारखा पालथा बसलेला एक इवलासा, आरपार दिसणारा कप असतो ना, तोच मी बोलतोय. लोक मला झाकण म्हणतात, कुणी बूच म्हणतं, कुणी टोपण. मी मनावर घेत नाही, पण एकदा सांगूनच टाकतो. झाकण वेगळं. ते माझ्या खाली असतं. त्याचं काम बंद करायचं, माझं काम मोजायचं.

मी जेमतेम दोन घोटांचा. खिशात घातला तर खिसासुद्धा फुगणार नाही. पण माझ्या अंगावर रेषा आहेत. अडीच, पाच, साडेसात, दहा, पंधरा. त्या कुणी वरून रंगवलेल्या नाहीत, साच्यातून निघालो तेव्हाच अंगावर घेऊन निघालो.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही शेकडो भावंडं एका दमात जन्माला आलो आणि गरम गरमच एका पाटीत पडलो. तिथे डोक्याला पांढरी टोपी बांधलेली एक बाई बसायची. ती एकेकाला उचलून दिव्यासमोर धरायची. ज्याची रेष तुटकी किंवा पुसट, त्याला डाव्या हाताच्या डब्यात टाकायची. मला तिने धरलं, फिरवलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, कसा लख्ख आहे!" तेवढं एक वाक्य मी जन्मभर जपलंय.

मग बाटली आली, खोका आला, गाडीचे धक्के आले आणि शेवटी एका औषधाच्या दुकानातलं वरून तिसरं फळकूट आलं. तिथे मी बरेच दिवस अंधारात बसून होतो. आपल्याला कुणासाठी मोजायचं आहे, हाच विचार करत होतो.

एक दिवस खोका उघडला आणि समोर एक तरुण बाई दिसली. एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात चार वर्षांच्या पोरीचं मनगट. त्या पोरीचा पाय एका जागी ठरत नव्हता, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे.

"रोज संध्याकाळी जेवण झालं की दहा," दुकानदार मला बोटाने दाखवत म्हणाला. "ही रेष. घरातल्या चमच्याने देऊ नका, चमचे सगळे लहानमोठे असतात."

"रोज? पण दादा, एवढ्याशा पोरीला दहा जास्त नाही ना होणार?"

"डॉक्टरांनी लिहिलंय, वहिनी. मी नाही."

बाईने मान हलवली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. त्या आठीशी माझी पुढे चांगलीच गाठ पडणार होती.

त्यांचं घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन. आई तिथे बसून गल्लीतल्या बायकांचे आणि मुलींचे कपडे शिवायची. बाबा रंगारी, लोकांच्या भिंती रंगवायचे. त्यांच्या नखांच्या कडांना नेहमी कुठला ना कुठला रंग असायचा.

भिंगरीचं दुखणं असं होतं, की तिला शी होत नव्हती. मागे कधीतरी एकदा खडा होऊन फार दुखलं होतं. त्यानंतर पाच-पाच दिवस, सहा-सहा दिवस काही नाही. दुपार झाली की ती मशीनचा पाय घट्ट धरायची, पायाला पायाची अढी घालायची, चवड्यांवर उभी राहायची आणि लाल व्हायची. आई मशीन थांबवून म्हणायची, "बघा बिचारी, किती जोर लावतेय!"

मला अजून त्यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की आपली वेळ आली.

पहिल्या संध्याकाळी आईने मला हातात तिरका धरला आणि औषध ओतायला घेतलं. पाकासारखं घट्ट, गोड औषध होतं ते. पाचची रेष भिजली. मी आनंदात. थोडं वर सरकलं आणि बाटली थांबली. मी वाट बघतोय, आता साडेसात, आता दहा. पण बाटलीला झाकण लागलंसुद्धा.

कारण सांगतो. आई कापड कापायची तेव्हा खडूच्या खुणेवर कधीच कात्री चालवायची नाही. दोन बोटं सोडूनच कापायची. "चुकलं तर चुकलं, पण उसवून सैल करता आलं पाहिजे," असं ती म्हणायची. कापडात ती सवय तिच्या फार उपयोगी पडली होती. तीच तिने औषधाला लावली. दहा सांगितलंय ना, मग सहावर थांबू, म्हणजे धोका नको.

माझी दहाची रेष कोरडीच राहिली. मोजायला जन्मलेल्याला हे किती लागतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

त्यात भिंगरीने तोंड मिटलं. आईने मला तिच्या ओठांशी नेलं तर तिने थेट मलाच चावलं.

"अगं सोड! सोड, तो खायचा नाही!"

"वास येतोय त्याला!"

"कुठे वास येतोय? गोड आहे, साखरेसारखं."

"मग तूच पी ना!"

अर्धं औषध तिच्या फ्रॉकवर गेलं आणि माझ्या काठावर तिच्या दोन पुढच्या दातांची खूण उमटली. ती अजून आहे. इतर कपांना असतो नुसता काठ, मला शिक्का आहे.

दोन-तीन दिवस ही झटापट चालली. मग आईने युक्ती केली. मला स्वयंपाकघरात नेलं, औषध दुधात ओतलं, ढवळलं आणि हसून पेला पुढे केला. भिंगरीने एक घोट घेतला.

"आई, यात काय घातलंस?"

"काही नाही गं. साखर."

भिंगरीने पेला खाली ठेवला आणि खेळायला गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने दूध सोडलं. मग आईच्या हातचं पाणीसुद्धा आधी हुंगून बघायला लागली. आणि मी तिथेच, ओट्यावर, चिकट अंगाने बसून होतो. माझ्या रेषांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं, पण त्या दिवशी मी एका थापेत सामील झालो होतो.

त्यातच भिंगरीची आत्या आली. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. जीव लावणारी बाई, पण आवाज असा की मशीनवरची रिळं हलतील.

"रोज औषध? रोज? अगं, आतड्यांना सवय लागेल! मग जन्मभर बसशील पाजत."

"डॉक्टरांनी सांगितलंय, वन्सं."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला?"

आईची आठी आणखी खोल गेली. आणि नेमकं त्याच आठवड्यात बालवर्गातून भिंगरीला घरी पाठवलं. चड्डीला डाग होते. परवा, काल, आजही. पातळ, आपोआप झालेलं. बालवर्गाच्या बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, "थोडे दिवस घरीच ठेवा. इतर मुलं नाक धरतात, मग ती कोपऱ्यात जाऊन बसते."

"बघा!" आई बाबांना म्हणाली. "जुलाब लागले पोरीला. मी म्हणत नव्हते, औषध जड पडणार?"

"मग बंद कर बाई," बाबा म्हणाले.

झालं. मला धुतलं, पुसलं आणि मशीनच्या खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी आईला टाचण्या ठेवायला काहीतरी हवं होतं, तर मीच हाताशी आलो. मोजायचा कप टाचण्यांची डबी झाला. तक्रार करत नाही, टाचण्यासुद्धा मी नीट सांभाळल्या, एक सांडू दिली नाही. पण आतून टोचत होतं, टाचण्यांनी आणि मनानेही.

त्या खणातून मला सगळं ऐकू यायचं. आई चड्ड्या धुताना बडबडायची, "एवढी मोठी झालीस, सांगता येत नाही?" भिंगरी रडायची, "मला कळतच नाही आई, ते आपोआप येतं." आईला वाटायचं, बहाणे करते. औषध बंद होऊन आठ-दहा दिवस झाले तरी डाग थांबेनात. पोट टणक झालं. भिंगरी दोन घास खाऊन ताट सारायला लागली. फिरणं थांबलं. भिंगरीचं फिरणं थांबलं, म्हणजे बघा.

एका दुपारी ती मशीनपाशी आली आणि आईला विचारलं, "माझी खुंटी दुसऱ्या कुणाला दिली का गं?"

बालवर्गात प्रत्येकाला दप्तर अडकवायला एकेक खुंटी होती. हिच्या खुंटीवर बदकाचं चित्र होतं.

"नाही दिली," आई म्हणाली.

"खरं सांगतेस? की दुधासारखं?"

मशीनचं चाक थांबलं. खण उघडला, आईने मला उचलून सगळ्या टाचण्या टेबलावर ओतल्या, मला फुंकर मारली आणि बाटलीबरोबर पिशवीत टाकलं. एका हातात पिशवी, कडेवर भिंगरी, अशी ती डॉक्टरबाईंकडे निघाली.

आईने डागांपासून चवड्यांवर उभं राहण्यापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी भिंगरीचं पोट हलक्या हाताने दाबून पाहिलं. पत्र्याच्या डब्यातला एक लाकडी घोडा तिला खेळायला दिला. मग आईला विचारलं, "औषध किती देत होतात?"

"दहाच. म्हणजे... दहाच्या आसपास."

"या कपात पाणी घेऊन दाखवा बरं."

आईने मला तिरका धरून पाणी ओतलं, तिच्या सवयीने थांबली. डॉक्टरबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं आणि सपाट टेबलावर ठेवलं. "आता खाली वाका. डोळा पाण्याच्या रेषेत आणा. किती दिसतंय?"

आई वाकली. तिचा डोळा माझ्या अगदी समोर आला. इतके दिवस ती मला वरून बघत होती, पहिल्यांदाच समोरून बघत होती.

"सहा," ती हळूच म्हणाली. "पण मी म्हटलं, थोडं कमीच बरं..."

"तुम्ही शिवणकाम करता ना? बोटांवर खडू दिसतोय. छाती चौतीस भरली आणि तुम्ही बत्तीसचं शिवलंत तर?"

"अंगात चढणारच नाही."

"मग हे कसं चढेल?"

आईला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

डॉक्टरबाई समजावून सांगायला लागल्या, अगदी सावकाश. "ते जुलाब नव्हते, बाई. आत मोठा खडा अडकलाय. त्याच्या कडेने पातळ झिरपतं आणि चड्डीला लागतं. तिला खरंच कळत नाही. अशा वेळी औषध बंद केलं, की खडा आणखी घट्ट होतो."

"मी तिला रागावले हो," आई म्हणाली. "रोज रागावले."

"आता कळलं ना? बास. आणि ती चवड्यांवर उभी राहते, लाल होते, ते जोर लावत नाही. धरून ठेवते. दुखेल म्हणून."

आईने भिंगरीकडे पाहिलं. ती घोड्याला टेबलाच्या काठावरून चालवत होती.

"पण सवय नाही ना लागणार औषधाची?"

"हे औषध शी मऊ करतं, एवढंच. शी मऊ झाली की दुखत नाही, दुखलं नाही की भीती जाते. पण भीती जायला महिने लागतात. म्हणून एक दिवस झाली की लगेच बंद करायचं नाही. कमी कधी करायचं ते मी सांगेन. आणि चोरून दुधात नाही. तिला सांगून द्यायचं."

पहिले काही दिवस पंधराची रेष, मग दहा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. माझ्या सगळ्यात वरच्या रेषेचं नाव निघालं तेव्हा मी केवढा ताठ झालो असेन!

घरी आल्यावर आई भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसली.

"भिंगरे, दुधात साखर नव्हती. औषध होतं. मी खोटं बोलले."

"मला माहीत होतं."

"आता नाही बोलणार."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

"माझी नको. मशीनची घे."

आईने मशीनवर हात ठेवून शप्पथ घेतली. मग मला मशीनच्या सपाट फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "आजपासून रेष बघायचं काम तुझं. मी ओतणार, तू थांब म्हणणार."

भिंगरीने फळीवर हनुवटी टेकली. आई सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटते, तसा मिटला. औषध चढायला लागलं. "अजून... अजून... आई, हळू! अजून थोडं... थांब! पोचलं!"

मग तिने मला दोन्ही हातांनी उचललं. स्वतःच्याच दातांच्या खुणेवर ओठ लावले, नाक मुरडलं आणि दोन घोटांत संपवलं. वर पाणी प्यायली. सगळं अंग झटकलं, नुकतंच पाण्यातून बाहेर आलेल्या पिल्लासारखं.

एकदा आईला उशीर झाला तर औषध द्यायला बाबा आले. त्यांनी मला हातात धरून भसकन ओतलं. "रंगाऱ्याचा अंदाज आहे, चुकत नाही."

"बाबा! अंदाज नाही चालत. खाली ठेवा. डोळा खाली आणा."

सहा फुटांचा माणूस मुकाट्याने फळीवर हनुवटी टेकून बसला. औषध साडेसातच्या थोडंसं वर होतं. भिंगरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी नंतर रंगाचं मापसुद्धा नीट घ्यायला सुरुवात केली असावी.

आत्याही आली. डॉक्टरबाईंचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न ओरडता, जे तिला जड गेलं. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातलं एक मोडलेलं लाकडी स्टूल घेऊन आली. त्याचे पाय तिने तिथल्या सुताराकडून छाटून आणले होते. "संडासावर बसल्यावर पाय लोंबकळले तर जोर कुठून येणार? पाय टेकायला काहीतरी नको?"

मग रोज जेवणानंतर दहा मिनिटं. भिंगरी संडासावर, पाय स्टुलावर, हातात फुगा. फुगा फुगवला की पोट आपोआप दाबलं जातं, हे डॉक्टरबाईंनीच सांगितलेलं. आई उंबऱ्यात बसून बटणं लावायची. झाली का, असं एकदाही विचारायची नाही. जिभेवर यायचं, मला दिसायचं, पण दोरा दातांत धरून गिळून टाकायची.

चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "आई... दुखलं नाही!"

आई उठली ती बटणांची वाटी लाथाडूनच उठली. बाबा नखांवरच्या निळ्या रंगासकट टाळ्या वाजवत आले. मी ओट्यावर धुऊन पालथा होतो. पालथाच राहून मी जेवढा आनंद करता येईल तेवढा केला.

इथे गोष्ट संपली असं वाटेल तुम्हाला. आईलाही तसंच वाटलं होतं. दोन-तीन आठवडे रोज नीट व्हायला लागलं, भिंगरी परत फिरायला लागली, बदकाच्या खुंटीवर दप्तर अडकलं. आणि एका संध्याकाळी आईच्या कपाळावर ती जुनी आठी आली. आता झालंय ना बरं, मग कशाला एवढं? औषध पाचच्या रेषेवर आलं आणि बाटली थांबली.

फळीवर हनुवटी टेकलेली होती. एक डोळा मिटलेला होता.

"पोचलं नाही," भिंगरी म्हणाली.

"अगं, थोडं कमी चालेल आता."

"डॉक्टरबाई म्हणाल्या का तसं?"

"नाही."

"मग पोचलं नाही."

आईने लेकीकडे पाहिलं. मग बाटली पुन्हा कलती केली. माझी दहाची रेष भिजली. इतके दिवस जी पोर माझ्यापासून तोंड लपवत होती, तीच आता माझ्या बाजूने उभी होती. सांगा, कोणत्या कपाच्या वाट्याला एवढा मान आला असेल?

पुढे बाटल्या किती आल्या आणि संपल्या. प्रत्येकीबरोबर नवा, चकचकीत कप यायचा. भिंगरी त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. "चावलेलाच पाहिजे," म्हणायची. माझी नवी भावंडं खणात गेली. एकात हुक, एकात बटणं, एकात टाचण्या. मी त्यांना वर्षाच्या अनुभवाने सांगायचो, टोचतं थोडं, सवय होते.

मग डॉक्टरबाईंनी हळूहळू उतरवायला सांगितलं. दहा, मग साडेसात, मग पाच. मी चढणं पाहिलं होतं, आता उतरणं पाहत होतो, आणि खरं सांगतो, उतरताना जास्त अभिमान वाटला.

अडीचवर होतो, तेव्हाची एक दुपार मी विसरणार नाही. आई एका गिऱ्हाईक बाईच्या अंगावर नवा झगा चढवून बसवत होती. तोंडात पाच-सहा टाचण्या. दार धाडकन उघडलं.

"आई! मी शाळेत केली! एकटीने! स्टूल नव्हतं तरी!"

अख्ख्या गल्लीला कळलं. गिऱ्हाईक बाई गोंधळून बघायला लागल्या. आईला टाचण्यांमुळे बोलता येईना. तिने नुसते दोन्ही हात पसरले आणि भिंगरी मोजपट्टी लटकलेल्या तिच्या गळ्यात पडली.

"बक्षीस मिळालं का काय शाळेत?" गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

आईने एकेक टाचणी काढून उशीत खोवली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्याहून मोठं, ताई. सांगते, बसा."

आज मी मशीनच्या वर, खिडकीच्या कठड्यावर असतो. माझी पाचची रेष धुऊन धुऊन पुसट झालीये, अंगाचा लख्खपणा गेलाय, आरपार बघितलं तर सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं. पांढऱ्या टोपीवाल्या बाईने आज मला दिव्यासमोर धरलं असतं, तर सरळ डाव्या हाताच्या डब्यात टाकलं असतं. पण दहाची रेष अजून जागेवर आहे, आणि काठावर दोन दात आहेत.

कधी कुणी गिऱ्हाईक बाई हळू आवाजात म्हणते, "आमच्या धाकट्यालाही असंच होतं हो." मग आई काम बाजूला ठेवते. "आधी डॉक्टरांना दाखवा," म्हणते. मग मला खाली काढते, फळीवर ठेवते आणि त्या बाईला हनुवटी टेकायला लावते. "वरून बघू नका, समोरून बघा. जेवढं सांगितलं तेवढं. भीतीने कमी नाही, घाईने जास्त नाही. आणि मुलाला खोटं सांगू नका. मी सांगितलं होतं."

माझंही तुमच्याकडे मागणं तेवढंच. मला बाटलीवरून काढलंत की टाकून देऊ नका. माझ्या रेषा तुमच्या लेकरासाठीच साच्यातून आल्यात.

गेले कित्येक महिने माझ्यात काही ओतलेलं नाही. भिंगरी मात्र शाळेतून आली की कधीमधी खिडकीशी येते. आता तिला वाकावं लागतं. ती कठड्यावर हनुवटी टेकते, एक डोळा मिटते आणि माझ्यातून आरपार बघते.

"रिकामा!" ती ओरडते, आणि गिरकी घेऊन खेळायला पळते.